वखार, गोडाऊन आणि शब्दकोश

ठाण्याहून निघून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली म्हणजे भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे एकापाठोपाठ एक लागतात. भाताची खाचरे, मासेमारी आणि मिठागरे यांवर पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह करणाऱ्या आगरी-कोळी लोकांचा हा मुलूख. जवळच अंजूर, जेथील गंगाजी नाईक आणि त्यांच्या बंधूंनी चिमाजी आप्पांच्या मोहिमेला साह्य केले आणि १७३९ साली वसईचा किल्ला पडून उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. मुंबईच्या उंबरठ्यावर, परंतु मुंबई महानगरपालिकेच्या जकातनाक्यांच्या बाहेर, असे या गावांचे स्थान असल्यामुळे मुंबईत विकावयाचा माल आधी येथे उतरवून ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा, अशी वहिवाट व्यापाऱ्यांनी पाडली, आणि पाहता पाहता खाचरांच्या जागी पत्र्यांच्या छपरांची रांग उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व मुंबईची जकात गेली, तरी वखारी उठल्या नाहीत. उलट प्रांतोप्रांतीच्या लहान कोठ्या मोडून एकाच ठिकाणी मोठा साठा करणे सोयीचे झाल्याने त्या वाढल्याच.

पूर्ण्याच्या रस्त्यावरून सावकाश चालणाऱ्या मनुष्यास येथील पाट्या वाचण्यासारख्या आहेत. जुन्या कंपाउंडांच्या कमानींवर ‘गोडाऊन’ हा शब्द आढळतो. नव्या, उंच, काँक्रीटच्या फरशीच्या इमारतींवर ‘वेअरहाउस’ आणि ‘लॉजिस्टिक्स पार्क’ असे लिहिलेले असते. मराठी वृत्तपत्रात आगीची वा चोरीची बातमी येते तेव्हा तीच वास्तू ‘गोदाम’ होते. आणि सरकारी दस्तऐवजात ‘वखार’ हा शब्द अद्याप नांदतो. गावातील शाळेत इंग्रजी शिकणारा मुलगा शब्दकोश उघडतो तेव्हा त्यास या सर्वांपुढे बहुधा एकच प्रतिशब्द सापडतो, आणि तो प्रतिशब्द चुकीचाही नसतो. तथापि लंडनमधील वर्तमानपत्रात ‘गोडाऊन’ हा शब्द त्यास क्वचितच भेटेल, पूर्ण्यात तो तासातासाला कानी पडेल, आणि जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारात जेथे मालाची साठवण चालते तेथे ‘फॅक्टरी’ असे लिहिलेले पाहून तो बुचकळ्यात पडेल. शब्दाचा अर्थ कोणता, या प्रश्नाहून तो शब्द कोण, कोठे, कोणत्या काळी आणि कोणत्या कामासाठी वापरतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी ज्यांनी कोश रचले, त्यांच्या व्यवसायाचा सारा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

प्रथम ‘फॅक्टरी’ या शब्दाकडे पाहावे. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेस आपले ठाणे वसविले, त्यास इंग्रज ‘फॅक्टरी’ म्हणत. परंतु तेथे कोणतीही वस्तू यंत्रावर तयार होत नसे. कंपनीचा दलाल वा गुमास्ता म्हणजे ‘फॅक्टर’, आणि तो राहतो, हिशेब ठेवतो, खरेदीचा माल जहाज येईपर्यंत साठवितो ती जागा म्हणजे ‘फॅक्टरी’. आपल्या पूर्वजांनी या शब्दाचे भाषांतर करण्याच्या भरीस न पडता समोर चाललेला व्यवहार पाहिला आणि त्यास ‘वखार’ म्हटले. राजापूरची वखार मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात तेथील इंग्रजांनी सिद्दी जौहरास दारूगोळ्याचे साह्य केले, म्हणून १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटून हेन्री रेव्हिंग्टन प्रभृती इंग्रजांस कैद केले. पुढे इंग्लंडात यंत्रयुग आले, ‘फॅक्टरी’चा दलालाशी असलेला संबंध सुटला आणि यंत्रांनी माल निर्माण करण्याची जागा हा अर्थ त्यास चिकटला.

मराठीतही त्याच सुमारास याच्या जोडीचे एक परिवर्तन घडत होते. आज आपण ‘फॅक्टरी’स कारखाना म्हणतो, पण शिवकालीन राज्यव्यवस्थेतील ‘अठरा कारखाने’ ही सरकारची भांडारे आणि खाती होती. धान्याचा अंबारखाना, हत्तींचा पीलखाना, वस्त्रांचा जामदारखाना, तोफखाना, दारूखाना अशी त्यांची नावे सांगतात, आणि पन्हाळ्यावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठ्या पाहिल्या म्हणजे ‘कारखाना’ या शब्दात साठवणीचा अर्थ किती मोठा होता, हे डोळ्यांनी दिसते. म्हणजे इंग्रजीत ‘फॅक्टरी’ वखारीकडून निघून यंत्रांकडे गेली, मराठीत ‘कारखाना’ कोठाराकडून निघून यंत्रांकडे गेला, आणि दोघांची गाठ एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापडगिरण्यांच्या आसपास पडली. जो कोश या दोन शब्दांना एकमेकांसमोर नुसते मांडून मोकळा होतो, त्याने असत्य सांगितलेले नसते. परंतु अडीचशे वर्षांच्या उलाढालीतील केवळ अखेरचा क्षण त्याने वाचकापुढे ठेवलेला असतो.

मराठी मुलखात शब्दांची अशी मांडणी करण्याचे काम इंग्रजांनी आरंभिले नाही. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करविला. त्यात दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले असून, सुमारे १,४०० शब्दांची विभागणी राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत केलेली आहे. अकारविल्हे यादी न करता व्यवहाराच्या विषयांनुसार शब्द गोळा करण्याची ही पद्धती मला फार विचारपूर्वक वाटते, कारण किल्ल्यावरील हवालदारास दुर्गवर्ग हवा असतो आणि बाजारातील जकातदारास पण्यवर्ग. पूर्ण्याच्या गाळ्यावर माल मोजणाऱ्या कारकुनासाठी आज कोणी इंग्रजी शब्दांचा कोश रचील, तर त्यासही हाच मार्ग योग्य ठरेल.

‘गोडाऊन’ या शब्दाची कुळकथा समुद्रमार्गाची आहे. मलाय भाषेतील ‘गदोंग’ अथवा ‘गुदांग’ म्हणजे कोठार; तेलुगूतील ‘गिडंगी’ आणि तमिळमधील ‘किडंगु’ हे त्याचे जवळचे आप्त; आणि पूर्वेकडील बंदरांत व्यापार करणाऱ्या पोर्तुगीजांच्या व इंग्रजांच्या तोंडी हाच शब्द चढला. इंग्रजी ‘खाली’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. माल खाली उतरवितात म्हणून ‘गोडाऊन’, ही पुष्कळांनी ऐकलेली व्युत्पत्ती निराधार आहे, आणि ती शाळांतून सांगितली जाऊ नये. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघा कोशकारांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याची चिकित्सा आलेली आहे. त्याच वर्षी हाँगकाँगात ‘हाँगकाँग अँड कौलून व्हार्फ अँड गोडाऊन कंपनी’ स्थापन झाली. पूर्ण्याच्या पाटीवरील शब्द दक्षिण चीनच्या बंदरावरील एका मोठ्या कंपनीच्या नावात अनेक दशके होता, आणि तेथेही तो लंडनहून आलेला नव्हता.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या चिनी माणसाची आणि मराठी माणसाची अडचण बरीचशी एकाच स्वरूपाची होती. कँटनच्या नदीकाठी परदेशी व्यापाऱ्यांच्या ‘तेरा फॅक्टऱ्या’ होत्या. १८५६ साली त्या जळून नष्ट झाल्या. तेथेही ‘फॅक्टरी’ म्हणजे वखारच, आणि तेथील चिनी लोक त्यांस आपल्या व्यापारी पेढ्यांचा ‘हाँग’ हा शब्द लावीत. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन जाणारी जहाजे याच बंदराकडे जात. सर जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या ऐश्वर्याचा पाया याच व्यापारात घातला, आणि विल्यम जार्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ स्नेह व व्यवहार होता. पुढे त्याच जार्डीनांच्या पेढीत दलालाची जागा मिळालेला तांग तिंगशू हा चिनी गृहस्थ १८६२ साली ‘यिंग-यू ची-छ्युआन’ हा इंग्रजी शब्दांचा व वाक्यांचा बृहत्संग्रह प्रसिद्ध करता झाला. त्यात इंग्रजी उच्चार कँटनच्या बोलीतील अक्षरांनी दाखविलेले असून, मालाचे प्रकार, मोजमाप, सौद्याची भाषा यांना भरपूर स्थान आहे. व्यापाऱ्याला व्यापाऱ्याने शिकवावे, असा तो ग्रंथ होता. त्यानंतर क्वाँग की-चिऊ याने १८६८ साली हाँगकाँगात इंग्रजी-चिनी कोश काढला, आणि पुढे अमेरिकेत असताना १८८१ साली इंग्रजी वाक्प्रचारांचा स्वतंत्र कोश प्रसिद्ध केला. सुट्या शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य हाती लागत नाही, हे त्यास अनुभवाने कळले होते, हे त्याच्या या दुसऱ्या ग्रंथावरून उघड होते.

या संदर्भात एक गोष्ट मराठी वाचकांस सहसा ठाऊक नसते. शांघाय येथे १८९७ साली निघालेल्या ‘कमर्शियल प्रेस’ या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या छापखान्याचे पहिले यशस्वी पुस्तक, १८९८ चे ‘हुआ-यिंग छू-च्ये’, हे हिंदुस्थानातील मुलांसाठी इंग्रजांनी तयार केलेल्या इंग्रजी प्राथमिक वाचनमालेवर आधारलेले होते. श्ये होंग्लाई यांनी त्यास चिनी अर्थ व टीपा जोडल्या. आपल्याकडील शाळांसाठी लिहिलेले धडे गिरवून एका पिढीच्या चिनी विद्यार्थ्यांनी इंग्रजीचा श्रीगणेशा केला. परंतु मूळ इंग्रजी पुस्तक हाती घेऊन त्यावर आपल्या भाषेतील टीपा बारकाईने लिहिण्याचे श्रम चिनी माणसाने स्वतः घेतले, आणि त्या श्रमांतूनच त्या छापखान्याचा पुढील कोशव्यवसाय उभा राहिला.

आता आपल्याकडील कोशांची परंपरा पाहू. विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या साह्याने श्रीरामपूर येथे १८१० साली छापलेला मराठी-इंग्रजी कोश मोडी लिपीत होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दफ्तरातील कारकुनाच्या हाताला सवयीची लिपी कोणती, याचा विचार कॅरीने केला होता. १८२४ साली व्हॅन्स केनेडी याचा दोन भागांचा कोश मुंबईत निघाला, आणि त्याच्या एका भागात इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ दिलेले होते. १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले या मंडळींनी मराठीचा मराठीतच अर्थ सांगणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ सिद्ध केला. या शास्त्र्यांच्या पायावर जेम्स थॉमस मोल्सवर्थ आणि जॉर्ज व थॉमस कँडी हे बंधू यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली उभा राहिला. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतील अंमलदार. परंतु आपल्या लोकांनी त्यास ‘मोलेसरशास्त्री’ म्हटले, आणि ही पदवी त्यास कोणत्याही सनदेवाचून मिळाली. शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला की अरबीतून, याची खूण त्याच्या कोशात असते, आणि पुष्कळ ठिकाणी तो शब्द लोक कोणत्या प्रसंगी व कोणत्या ढंगाने योजितात, हे तो उदाहरण देऊन सांगतो. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तो मुद्दाम पुन्हा हिंदुस्थानात येऊन राहिला होता. त्या आवृत्तीचे पुण्याहून १९७५ साली पुनर्मुद्रण झाले, आणि आजही जुने कागद वाचणाऱ्यास त्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु हा कोश मुख्यतः मराठी शिकणाऱ्या इंग्रजासाठी होता. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची गरज भागविणारा मोठा ग्रंथ म्हणजे मोल्सवर्थने आरंभिलेला आणि थॉमस कँडीने १८४७ साली पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश. कँडी पुढे सरकारी भाषांतर खात्याचा आधारस्तंभ झाला. मराठीत विरामचिन्हांची वहिवाट पाडण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते, आणि १८५० सालचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचे पुस्तक त्याची साक्ष देते. त्याच्या इंग्रजी-मराठी कोशात एका इंग्रजी शब्दासमोर मराठी पर्यायांची माळच्या माळ लागलेली दिसते. कित्येकांस ती अनावश्यक वाटते. मला मात्र तो त्या ग्रंथाचा सद्गुण वाटतो, कारण दिवाणी कोर्टातील मुन्शी, शाळेतील पंतोजी आणि पेठेतील व्यापारी यांना एकाच इंग्रजी शब्दाचे तीन निरनिराळे उपयोग असतात, हे त्या माळेत मान्य केलेले आहे. त्यातील उणीव एवढीच, की कोणता पर्याय कोणाचा, हे वाचकास आपल्या अनुभवाने ताडून पाहावे लागते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न कोशाबाहेर झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी अशी त्याची रचना ठेवली. बातमी तीच, भाषा दोन. वाचणाऱ्याने डोळा इकडून तिकडे फिरवावा आणि इंग्रजी शब्द चालू व्यवहारात कसा वावरतो ते पाहावे. वृत्तपत्राचा जनक म्हणून आपण बाळशास्त्र्यांचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. परंतु प्रौढांना इंग्रजी शिकविण्याची इतकी साधी आणि इतकी परिणामकारक युक्ती मराठीत त्यांच्यानंतर फारशी कोणी चालविली नाही, याचा मला खेद वाटतो. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने तोच धागा शाळांत नेला. तिच्यावर मराठी घरांतील अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले. बाबा पदमनजींनी १८६३ साली मोल्सवर्थच्या कोशाचा सुटसुटीत संक्षेप करून तो गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नीळकंठ बाबाजी रानडे यांनी १९०३ ते १९१६ या काळात ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी इंग्लिश-मराठी डिक्शनरी’ प्रसिद्ध करून मराठी माणसाच्या हातून झालेल्या इंग्रजी-मराठी कोशरचनेचा एक उत्तुंग नमुना घालून दिला. एका मनुष्याच्या चिकाटीचा असा दाखला आपल्या वाङ्मयात थोडाच सापडेल.

राज्यस्थापनेनंतर हा भार सरकारने उचलला. भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला, आणि पुढे शास्त्रोशास्त्रांचे परिभाषा कोश होत गेले. त्या काळी नव्या संस्कृत शब्दांवर पुष्कळ टीका झाली. तिच्यातील काही यथार्थही होती. परंतु ‘वेअरहाउसिंग कॉर्पोरेशन’ या इंग्रजी नावासाठी नवा बोजड समास न घडविता ‘वखार महामंडळ’ असे नाव योजिले गेले, ही निवड उत्तम होती. १९५७ साली स्थापन झालेल्या आपल्या राज्य वखार महामंडळाच्या पाट्या तालुक्यातालुक्यांत दिसतात, आणि सुरत-राजापूरच्या काळातील शब्द शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या पावतीवर जिवंत राहिला आहे. पूर्वी वखार परक्या कंपनीची होती, आता ती शेतमाल तारण ठेवून कर्ज घेणाऱ्या कुणब्याची झाली. शब्द तोच, आणि त्याचा मालक मात्र पालटला.

पूर्ण्यातील आजच्या व्यवहारात इंग्रजी शब्दांचा जो ओघ वाहतो, त्याचे स्वरूप शाळेतील पुस्तकी इंग्रजीहून फार वेगळे आहे. गाळा, बिल्टी, चलान, हमाली, वाराई हे जुने शब्द येथे ‘डिस्पॅच’, ‘लोडिंग’, ‘डॉक’, ‘पॅलेट’, ‘इनवर्ड’, ‘पिकिंग’ या शब्दांच्या शेजारी बसतात. ‘डॉक’ म्हटल्यावर मुंबईच्या माणसास गोदी आठवते. पूर्ण्यात ती ट्रक मागे लावून माल उतरविण्याची चौथऱ्याची कड असते. ‘पिकिंग’ म्हणजे वेचणे खरे, पण येथे मागणीच्या यादीबरहुकूम फळीवरून नग काढून आणणे एवढाच नेमका अर्थ त्यास आहे, आणि त्या कामासाठी नेमलेल्या तरुणाचे वेतन त्या शब्दावर ठरते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना संरक्षण दिले त्या हमालांपासून ते संगणकापुढे बसणाऱ्या पदवीधरापर्यंत सर्वांना या शब्दांचा अर्थ अचूक ठाऊक असतो. परंतु तो कोणत्याही इंग्रजी-मराठी कोशात त्यांच्या वापरासह उतरलेला दिसत नाही, आणि गावातील मुलगा ती भाषा नोकरीस लागल्यावर ठेचा खात शिकतो.

तांग तिंगशूने कँटनच्या दलालांसाठी जे केले, हणमंत्यांनी शिवाजी महाराजांच्या दफ्तरासाठी जे केले, ते काम पूर्ण्याच्या वखारींसाठी करण्यास कोणा परदेशी विद्वानाची वाट पाहण्याचे कारण नाही. भिवंडी तालुक्यातील शिक्षकांनी, गोडाऊनमधील मुनीम व सुपरवायझर मंडळींनी आणि महाविद्यालयांतील इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून हे शब्द त्यांच्या पूर्ण वाक्यांसह टिपून काढावेत, विषयवार वर्ग पाडावेत, प्रत्येक शब्दापुढे तो कोण, कोठे आणि कशासाठी बोलतो ते लिहावे, आणि असा दोनशे-तीनशे शब्दांचा पहिला लहान कोश तरी तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा, अशी माझी त्यांस कळकळीची विनंती आहे.